पाच जुन्यांना एक नवा

शकू, तू गेल्याची बातमी मला नांदेडला दुकानात बसल्या बसल्या कळली. लग्नाची भांडी घ्यायला उदगीरकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं. हंडा उलटा करून त्याचं बूड तपासता तपासता तो म्हणाला, "आमच्या गावच्या शाळेतल्या जुन्या बाई वारल्या परवा. शकुंतलाबाई. लई चांगल्या होत्या." मी त्याच्या हातातून हंडा काढून घेतला आणि म्हटलं, आज दुकान बंद. त्याला काही समजेना. मला रडू आलं असं तुला वाटेल. रडू नंतर आलं, आधी राग आला. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी सवय मरेपर्यंत गेली नाही.

तुझ्याबद्दल सगळे चांगलंच बोलतायत. शाळेत शोकसभा झाली, हार झाले, फोटो झाला. ज्यांना तू पहिलीत वाचायला शिकवलंस ती माणसं आता नातवंडांची झालीत आणि डोळे पुसतायत. त्यांचं खोटं नाही. पण त्यांच्यातल्या एकालाही माहीत नाही की तुझी ती वाचायला शिकवायची रीत कुठून आली. ते माहीत असलेल्या दोघीच होतो. आता एकटी मी आहे. म्हणून तुझा महिना व्हायच्या आत लिहायला बसले आहे. मेलीस म्हणून सुटलीस, असं समजू नकोस.

बहात्तरच्या दुष्काळानं तुझ्या वडिलांची वीस एकरं आणि माझ्या बापाचं काहीच नाही, दोन्ही एकाच खडीच्या ढिगावर आणली. रस्त्याच्या कामावर तू पाटलांच्या आळीची आणि मी बौद्धांच्या वस्तीची, शेजारी शेजारी हातोडी घेऊन बसलो. गावात असताना आपण एकमेकींच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. दहा-बारा दिवसांत तू सातवी पास आहेस हे मुकादमाच्या कानावर गेलं. त्यानं तुला हातोडीवरून उठवलं आणि बायकांची बारकी पोरं सांभाळायला बाभळीखाली बसवलं. मला सावलीचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझा ढीग बाभळीजवळ होता, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"ब बदकाचा," तू म्हणायचीस.

एका पोरीनं विचारलं, "बाई, बदक म्हंजे काय वं?"

"पाण्यात पोहतं ते."

"कोणत्या पाण्यात?"

मी हसले ते इतकं मोठ्यानं की मुकादमानं वळून बघितलं. मी म्हणाले, "शके, त्या बदकाला सोड. खडी शिकीव. दिवसभर तिच्यावरच बसून राहिलेत पोरं."

"खडी पुस्तकात न्हाई."

"पुस्तकात पाणी हाय. इथं हाय का?"

तू तोंड फुगवलंस. पण दुसऱ्या दिवशी वहीचं पान फाडून त्यावर तू 'खडी' लिहिलंस. दुपारच्या वाऱ्यानं ते पान रस्त्यापलीकडे नेलं, आणि सगळी पोरं 'खडी उडाली, खडी उडाली' करत त्याच्यामागं पळाली. पाटी होती ती फुटलेली. तेव्हा कापड मी आणलं. त्याआधी दोन वर्षं मी मावशीच्या मागं उदगीरच्या गल्ल्यांतून भांड्यांची पाटी डोक्यावर घेऊन फिरत होते. बोहारणीचा धंदा, जुने कपडे घ्यायचे आणि नवं भांडं द्यायचं. दुष्काळात जुनं धोतर कोणी अंगावरून उतरवीना, म्हणून धंदा बसला आणि मी खडीवर आले. घरात एक गाठोडं तेवढं उरलं होतं, विटलेल्या पांढऱ्या धोतरांचं. त्याच्या वीत वीत पट्ट्या मी फाडल्या. शाईनं लिहिलं तर धुतल्यावर जाईल, हे तूच म्हणालीस. मग बिब्बा कोणी सांगितला? परटाकडून आलेल्या कपड्यांच्या कोपऱ्याला बिब्ब्याच्या खुणा असतात आणि त्या शंभर धुण्यांत हलत नाहीत, हे जुन्या कपड्यांची शिवण न् शिवण बघणाऱ्या मला माहीत होतं. तुला नव्हतं.

तू कोळशानं शब्द काढायचीस. मी बिब्बा तापवून सुईनं टोचायचे, बाभळीच्या काट्याच्या टोकावर तेल घ्यायचे, तुझ्या रेघेवरून फिरवायचे आणि वर ओला चुना लावायचे. बिब्बा अंगावर उततो. माझी उजव्या हाताची दोन बोटं फोडांनी भरली. तुझं एकही नाही. त्याचा काळा डाग माझ्या तर्जनीवर अजून आहे. भांडं वाजवून दाखवताना गिऱ्हाईक विचारतं, मावशी, भाजलं का? मी म्हणते, हाव, भाजलं.

पण त्या रेघांवरून काटा फिरवता फिरवता एक गोष्ट झाली, ती तुझ्या तोंडावर मी कधी बोलले नाही. मला अक्षर येत नव्हतं. मी नुसती नक्षी गिरवत होते. एका सकाळी टँकर आला, बायका घागरी घेऊन धावल्या, मीही धावले, आणि टँकरच्या पाठीवर 'पाणी' लिहिलेलं मला दिसलं. दिसलं म्हणजे वाचता आलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथंच थांबले, माझा नंबर गेला, मागची बाई मला ढकलून पुढं गेली. वीस वर्षांची बाई होते मी. रिकामी घागर घेऊन बाभळीखाली आले. तू विचारलंस, "पाणी कामून न्हाई आणलं?" मी म्हणाले, "संपलं." तुझ्या घागरीतलं अर्धं पाणी तू माझ्या घागरीत ओतलंस. पाटलांच्या आळीतल्या चार बायका बघत होत्या. तू ओतत राहिलीस.

शकू, हे आज लिहिते आहे ती अक्षरं तुझीच आहेत. हे मी नाकारणार नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

पोरांना तू रोज दहा-दहा नवे शब्द द्यायचीस आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पहिले आठ आठवायचे नाहीत. मग तू चिडायचीस. एकदा त्या बदकवाल्या पोरीच्या पाठीत तू धपाटा घातलास, तेव्हा मी हातोडी टाकून आले.

"तिला मारून काय हुतंय? दहा दहा कामून देऊन राहिलीस?"

"मग किती देऊ? तूच सांग, मोठी शिकलेली."

"पाच जुन्याला एक नवा. आमच्या धंद्यात पाच जुने कपडे घेतल्याबिगर एक नवं भांडं देत न्हाईत. हिनं पाच जुने शब्द वाचून दावले तर सहावा द्यायचा. आन फाटका चालणार न्हाई."

"फाटका म्हंजे?"

"अडखळली म्हंजे फाटका. फाटकं आलं की परत पहिल्यापासून."

तू हसलीस, पण केलंस. आठवड्यात पोरं गिऱ्हाइकासारखी घासाघीस करायला लागली. "बाई, हे घ्या पाच, द्या नवा." "बाई, याचा एक फाटका हाय, याला देऊ नका." कोणी नव्या शब्दासाठी जुने पाच रात्रभर घोकायचं, कोणी दुसऱ्याला शिकवायचं. घरी जाताना पोरं खडी, पाटी, सुकडी, भाकर, घमेलं असं सगळं दाखवत, वाचल्यासारखं म्हणत जायची. सरकारनं पोरांना खायला वाटलेली सुकडी एका हातात आणि 'सुकडी' लिहिलेली पट्टी दुसऱ्या हातात, असं उभं राहिलेलं पोर तो शब्द जन्मात विसरत नाही.

कोणते शब्द घ्यायचे यावरून आपली रोज जुंपायची. तुला 'कमळ' हवं होतं, मी 'घमेलं'वर अडले. तू 'मुकादम' नको म्हणालीस, अवघड आहे म्हणून. मी म्हणाले, त्याच्या नावानं पोरं थरथरतात, लगेच वाचतील. वाचलं. तू 'देऊळ' लिहिलंस. मी म्हणाले, मग 'विहार' पण. तू कोळसा उचललास आणि म्हणालीस, "लिहिते. न्हाईतर विहारासाठी भांडत बसशील, त्यापेक्षा लिहिते." देऊळ आणि विहार एकाच धोतराच्या दोन पट्ट्यांवर आले. पाऊस पडला, काम संपलं. तू मास्तरकीचं शिकायला गेलीस, मी भांड्यांची पाटी घेऊन नांदेडला गेले. गाठोडं मी तुला दिलं. "शाळेत लागंल तुला," एवढंच म्हणाले. माझ्या आयुष्यात बदल्यात काही न घेता दिलेली ती पहिली आणि शेवटची वस्तू.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं, नव्या पाट्या, नवे साहेब. सगळ्यांना काहीतरी नवं करून दाखवायचं होतं. तुझ्या वर्गातली पहिलीची पोरं दिवाळीच्या आत वाचतात हे एका साहेबांनी बघितलं आणि तुझी रीत छापायची ठरली. शब्दांचे कार्ड, चित्रं, सोबत शिक्षकांसाठी पुस्तिका. लातूरला कार्यक्रम आहे हे मला एका उदगीरच्या बाईकडून कळलं. तू बोलावलं नव्हतंस. विसरली असशील म्हणून मी आपण होऊन आले. तुला द्यायला नवा तांब्या आणला होता, त्यावर तुझं नाव घालून. मागच्या रांगेत बसले. तू माईकसमोर उभी राहिलीस, चांगलं नेसली होतीस, आणि म्हणालीस, "दुष्काळात खडीच्या कामावर मला हे सुचलं."

मला.

तांब्या मी परत नेला. पुस्तिका मात्र घेतली. नांदेडच्या एसटीत खिडकीशी बसून मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. छापलेलं पुस्तक मी पुरं वाचलं ते तेच पहिलं. बघ शकू, तू मला वाचायला शिकवलंस आणि त्या वाचण्यानं मी पहिलं काय वाचलं, तर माझी चोरी. चौथ्या पानावर होतं: 'पाच परिचित शब्दांमागे एक अपरिचित शब्द द्यावा.' माझा भाव, इस्त्री केलेला. शब्दांच्या यादीत कमळ होतं. बदकही परत आलं होतं. घमेलं गेलं, मुकादम गेला, सुकडी गेली. देऊळ होतं. विहार नव्हता.

त्या दिवाळीला मी तुझ्या दारात आले. आठवतं का? तू अंगणात रांगोळी घालत होतीस.

"विहार कुठं गेला?"

"भागे, आत तरी ये."

"आधी सांग. आन माझं नाव कुठं गेलं?"

"तुझं नाव काय म्हणून घालू गं? पुस्तिकेत बोहारीण लिहू? साहेब लोक वाचतात ते."

"भागाबाई लिहायचं. बोहारीण कोण म्हणालं?"

"आन सुकडी आता कोणत्या पोराला ठाऊक हाय? दहा वर्षं झाली. तूच म्हणायचीस ना, हाताला लागलेला शब्द द्यावा म्हणून?"

"विहार तर हाय ना तिथंच? तो कुठं गेला?"

यावर तू रांगोळीचं भांडं उचललंस आणि म्हणालीस, "बघू."

तेव्हापासून चाळीस वर्षं मी दर दिवाळीला तुझ्याकडे भांडायला येत होते. लोकांना वाटायचं, काय मैत्री आहे. तू चहा करायचीस, मी पिऊन भांडायचे. माझं मागणं एकच, नाव घाल, नाहीतर गाठोडं परत दे. तुझं उत्तर एकच, "बघू." नवी आवृत्ती निघाली, "बघू." तू निवृत्त झालीस, सत्कारात पुन्हा 'मला सुचलं', आणि घरी आल्यावर "बघू". मी मोठमोठ्या गिऱ्हाइकांना एका बैठकीत वाकवलं आहे. तुझ्यासारखा भांड्याच्या बुडाला चिकटलेला माणूस दुसरा बघितला नाही. गेल्या दिवाळीला तुला बसवत नव्हतं. उशीवरून म्हणालीस, "भागे, पुढच्या खेपेला एक सांगायचंय तुला." मी म्हणाले, "आत्ताच सांग." तू डोळे मिटलेस. मरताना पण उधारी फेडली नाहीस, वर नवा वायदा ठेवून गेलीस.

तुझ्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. तुझी सून मनीषा ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, मला ते धोतराच्या पट्ट्यांचं गाठोडं पाहिजे.

"मावशी, ते शाळेला द्यायचं ठरलंय. शाळेत नवी वाचनखोली होऊन राहिली, आईंच्या नावानं. काचेच्या कपाटात ठेवणार हाईत."

"काचेत? पट्ट्या काय मेल्यात?"

"आता मी काय सांगू?"

मी पिशवीतून नवा कोरा मोठा डबा काढला, झाकणासकट, आणि ओसरीवर ठेवला. "जुने कपडे दे, नवं भांडं घे. मी दुसरं काही मागत नाही."

मनीषाला हसू आलं, मग रडू आलं. "आई म्हणायच्या, भागा आली की डबा दाखवंल, बघ. घेऊ नको म्हणायच्या." आणि तिनं डबा घेतला. तुझी सून तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

गाठोड्याची गाठ मी तिथंच सोडली. पट्ट्या लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. तू त्यांना कडेनं टीप घातली होतीस, दरवर्षी धुतल्या होत्या, फाटल्या तिथं ठिगळ लावलं होतं. म्हणजे छापील कार्ड साहेबांसाठी आणि वर्गात या पट्ट्या. 'विहार' सर्वांत जास्त विरलेला होता, सगळ्यात जास्त हाताळलेला. मी तो मांडीवर घेऊन बसले. मी विरघळले असं तुला वाटत असेल तर चुकतेस. मला उलट जास्त चीड आली. वर्गात होता, पुस्तकात नव्हता. चार भिंतींत तू माझी होतीस, चारचौघांत नाही. हेच का सांगणार होतीस पुढच्या खेपेला? हे तर मला ठाऊकच होतं. मला ते तुझ्या तोंडून, लोकांसमोर हवं होतं.

गाठोडं घेऊन मी सरळ शाळेत गेले. पहिलीच्या वर्गात दोरी बांधली आणि पट्ट्या टांगल्या. म्हटलं, आता सगळ्या गावाला दिसू दे कुणाचे शब्द आहेत. एका वेणीवाल्या पोरीनं बोट ठेवून सावकाश वाचलं, "सु-क-डी." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आजी, सुकडी म्हंजे काय?"

"खायची असती. दुष्काळात मिळायची."

"कसली असती?"

मला सांगता येईना. म्हणजे सांगता आलं असतं, पण तिच्या डोळ्यांत काही उमटेना. तुझं बदक आणि माझी सुकडी त्या पोरीसमोर एकाच पाण्यात पोहत होती. ठीक आहे शकू. सुकडी काढलीस ते बरोबर केलंस. हे एक मान्य. बाकी काही मान्य नाही.

मग मी मुख्याध्यापकांच्या समोर बसले. तरुण आहेत, नम्र आहेत, तुझ्यावर त्यांचा जीव. वाचनखोलीची संगमरवरी पाटी तयार होती, तुझ्या नावाची. मी म्हणाले, या पाटीला माझी हरकत आहे, मी गावासमोर सांगणार. त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, बाईंनी एवढं केलं या शाळेसाठी."

"केलं. म्हणून पाटी लावा. पण दाराच्या बाहेर माझ्या पाच पट्ट्या टांगायच्या. त्या पाच वाचल्याशिवाय पोराला पाटीवरचं नाव वाचायला द्यायचं नाही. वर पडदा टाका."

"रोज?"

"पहिलीच्या पोरांना. एकदा पुरे."

"आणि फाटका?" त्यांनी विचारलं. तुझेच विद्यार्थी ते, त्यांना माहीत होतं.

"चालणार नाही."

त्यांनी दोन पट्ट्यांवर यायचा प्रयत्न केला, मग तीन. मी पाचावरून हलले नाही. शेवटी चहा मागवला, म्हणजे सौदा झाला.

पोरांना विचारून विचारून शब्द ठरवले. परटाच्या नातवाकडं आता बिब्बा नसतो, मी औषधी दुकानातून आणला. सुईनं टोचला, काटा घेतला, चुना लावला. या वेळी कोळशानं कोणी आधी काढून दिलं नाही, मी स्वतः लिहिलं. बोट पुन्हा उतलं, दुसरं होतं ते. खडी. टँकर. भाकर. विहार. भागा.

आणि सहावी, पडद्याआड, तुझी.

काल पहिल्यांदा रांग लावली. वेणीवाली पोरगी सर्वांत पुढं. खडी वाचलं, टँकर वाचलं, भाकर वाचलं, विहारही वाचलं. माझ्या नावापाशी आली आणि "भा..." करून माझ्याकडं बघत राहिली, मीच समोर उभी म्हणून लाजली असेल. मुख्याध्यापक म्हणाले, "जाऊ द्या मावशी, जवळजवळ आलंच." मी म्हणाले, फाटका आहे. परत खडीपासून.

ती परत गेली, रांगेच्या शेवटी उभी राहिली, ओठ हलवत घोकत. पडदा खालीच आहे अजून. येईल तिला, आज नाही तर उद्या. तोवर थांब तू दारात, शकू. मी चाळीस वर्षं थांबले.